पेस्लिपवाले शेलारकाका

सिडनीच्या हॅरिस पार्कमधल्या त्या तांबड्या विटांच्या बिल्डिंगमध्ये मी दोन बॅगा ओढत पहिल्यांदा शिरले, तेव्हा तळमजल्याच्या पायरीवर एक गृहस्थ बुटाला पॉलिश करत बसले होते. आपल्या माणसाने परदेशात आपला माणूस पाहिला की नाव विचारावं, गाव विचारावं, एवढी तर अपेक्षा असते. त्यांनी ब्रश थांबवला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नोकरी लागली का? पेस्लिप मिळते का?"

मी म्हटलं, मी आज सकाळीच विमानातून उतरलेय.

"मग लागेल," ते म्हणाले. "लागली की पहिली पेस्लिप मला दाखव. तोंडी काही नसतं."

आणि ते पुन्हा बुटाकडे वळले. माझं नाव त्यांनी विचारलं ते तिसऱ्या आठवड्यात. अश्विनी म्हटल्यावर त्यात व्ही आहे की डब्ल्यू, हेही पासपोर्ट बघून पक्कं करून घेतलं.

याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी नाशिकहून शिकायला आले होते. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही चार मुली राहायचो, बाथरूमसाठी भिंतीवर टाइमटेबल लावलेलं होतं, आणि युनिव्हर्सिटीतून परतताना पॅरामॅटा स्टेशनपासून घरापर्यंत चालत येता येता मिठाईच्या दुकानांतल्या तुपाच्या वासानेच अर्धं पोट भरायचं. दिनकर शेलार तळमजल्यावर एकटे राहायचे. मूळचे सोलापूरचे. काकू सोलापूरला असतात, एवढंच ते सांगत. त्या तिथे का असतात आणि इथे कधी येणार, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

नोकरी सरकारी. ऑस्ट्रेलियात मालकाला नोकराच्या पगाराशिवाय आणखी काही रक्कम त्याच्या म्हातारपणासाठी एका फंडात भरावी लागते. तिला सगळे 'सुपर' म्हणतात. आपल्या पीएफचा परदेशातला चुलतभाऊ म्हणा. मालक ती भरतात की नाही यावर लक्ष ठेवणारं सरकारी खातं आहे. न भरणाऱ्यांना पत्रं धाडायची, कागद मागवायचे, माणसांना बोलावून विचारायचं, हे ज्या विभागात चालतं तिथे शेलारकाका होते. ऑफिसातले लोक त्यांना 'डिंकम' म्हणत. दिनकरचंच ते झालं होतं की तिकडच्या 'फेअर डिंकम'वरून, म्हणजे अगदी अस्सल माणूस या अर्थाने, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण फोनवर कुणी डिंकम म्हणून हाक मारली की ते खुर्चीत जरा ताठ बसत.

हे काम त्यांनी नऊ ते पाच केलं असतं तर कुणाचीच तक्रार नव्हती. पण शेलारकाकांचं ऑफिस त्यांच्याबरोबर फिरायचं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा साखरपुडा पॅरामॅटाला एका हॉलमध्ये होता. वाढणारा मुलगा कटलेटचा ट्रे घेऊन आला, तसं काकांनी एक कटलेट उचललं आणि अगदी प्रेमाने त्याला विचारलं, "बेटा, सुपर आता है?" तो आत गेला तो परत आला नाही. दुसराही वाढपी आमच्या टेबलाला वळसा घालून गेला. त्यानंतर हॅरिस पार्कच्या मराठी मंडळींत एक नवं शहाणपण आलं: शेलारकाका ज्या टेबलावर बसतील त्या टेबलावर आपण बसायचं नाही, तिथे स्टार्टर येत नाहीत.

केस कापायला गेले तेव्हाची गोष्ट तर त्यांनी स्वतःच सांगितली, आणि तीही तक्रारीच्या सुरात. डावी बाजू होईपर्यंत ते गप्प बसले होते. मग राहवलं नाही आणि कारागिराला विचारलं. तो बिचारा साधेपणाने म्हणाला, "अंकल, यहाँ तो सिर्फ कॅश आता है." काका ताडकन उठले, गळ्याभोवतीचं कापड सोडलं, पूर्ण पैसे दिले, पावती मागितली आणि निघाले. आता या दुकानाबद्दल आपल्याला ऑफिसात कळवावं लागणार, मग उजवी बाजू तिथेच कापून घेणं बरं दिसणार नाही, असा त्यांचा विचार. उजवी बाजू त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे कापून घेतली. त्या कारागिराने डावीशी जुळवून घ्यायचा प्रयत्न केला असावा, पण महिनाभर काकांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंचं एकमेकींशी पटत नव्हतं.

"काका, निदान दुसरी बाजू होईपर्यंत थांबायचं," मी म्हटलं.

"आणि ऑफिसात काय लिहू? तक्रार करण्यापूर्वी केस पूर्ण करून घेतले असं?"

ते हे विनोदाने म्हणाले नव्हते. त्यांच्या बोलण्यात विनोद असा नसायचाच. तो आमचा आम्हाला काढून घ्यावा लागे.

वाढदिवसाला ते प्रत्येकाला एकच भेट द्यायचे, प्लॅस्टिकचे कप्पे असलेली निळी फाइल. पहिल्या कप्प्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात 'पेस्लिप', दुसऱ्यावर 'सुपर', तिसऱ्यावर 'व्हिसा', चौथ्यावर 'इतर'. माझ्या रूममेटने 'इतर'मध्ये होणाऱ्या नवऱ्याचे फोटो ठेवले होते. काकांनी ते पाहिले आणि वर्गवारी बरोबर आहे म्हणाले.

शिक्षण संपवून जी मुलं भारतात परत जायची, त्यांचा सुपर इथेच पडून राहायचा. व्हिसा संपल्यावर तो मागून घेता येतो, हे बहुतेकांच्या गावीही नसे. काका बिल्डिंगमधून गेलेल्या प्रत्येकाचा पत्ता ठेवून असत आणि रविवारी एकेकाला फोन लावत. ऑस्ट्रेलियातून कुणीतरी फोन करून 'तुमच्या मुलाचे इथे पैसे आहेत' म्हणतंय, यावर साताऱ्यात काय प्रतिक्रिया होईल? आमच्याच बिल्डिंगमधल्या रोहनच्या आईने त्यांना पोलिसात देईन म्हणून सुनावलं. काका घाईघाईने म्हणाले, "ताई, मला ओटीपी नको, खात्याचा नंबर नको, काही नको." त्यावर बाईंचा संशय पक्काच झाला. काही नको म्हणणारा चोर त्यांना नेहमीच्या चोरापेक्षा पोचलेला वाटला. काकांनी रोहनला रजिस्टर पत्र पाठवलं, सोबत फॉर्म, कुठे सही करायची तिथे पेन्सिलीची फुली. दोन महिन्यांनी रोहनचे पैसे त्याला मिळाले. त्याच्या आईने कंदी पेढे पाठवले ते कस्टममध्ये अडकले. सरकारी नियमाने अडकलेत म्हटल्यावर काकांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला या कामाचं एवढं वेड कशामुळे? मला वाटलं, सोलापुरातली एखादी जुनी हकिकत असेल, घरातल्या कुणावर झालेला अन्याय वगैरे. ते विचार करून म्हणाले, "जाहिरात आली होती. अर्ज केला."

आता 'न्याहारी'बद्दल सांगायला हवं.

न्याहारी हे आमच्या बिल्डिंगपासून चार घरं सोडून असलेलं मराठी खाण्याचं दुकान. जुनं बैठं घर, पुढे लाकडी व्हरांडा, आत सहा टेबलं. मालक जाधवकाका, कराडचे. ते गल्ल्यावर बसून महाराष्ट्राचं राजकारण चालवायचे आणि मंगलकाकू आत दुकान चालवायच्या. पोहे, उपमा, थालीपीठ, शनिवारी मिसळ. आम्ही पाच विद्यार्थी तिथे शिफ्टला होतो. दर रविवारी जाधवकाका पाकिटात रोख पैसे द्यायचे आणि काकू उरलेल्या भाजीचा डबा. मला कांजिण्या आल्या तेव्हा काकूंनी बारा दिवस दोन्ही वेळा मऊ भात पाठवला होता. परीक्षेच्या आठवड्यात त्या मला कांदा चिरायला बसवत नसत, डोळे चुरचुरले तर वाचणार कशी म्हणून. अशा ठिकाणी पेस्लिप मागायची हे मनातही आलं नाही. कुणी विचारलं तर मिळते म्हणून सांगा, असं जाधवकाकांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. 'कुणी' म्हणजे कोण, ते आम्हाला कळलं होतं.

शेलारकाकांना मी सांगितलं, मिळते.

ते स्वतः आठवड्यातून चार सकाळी तिथे पोहे खायला यायचे. कोपऱ्यातली खुर्ची, एक प्लेट पोहे, खोबरं जास्त, एक चहा आणि बिल. जाधवकाका रोज म्हणत, साहेब, तुमच्याकडून कसलं बिल घ्यायचं. काका रोज म्हणत, बिल. काकू आतून हसत. काकांना त्या भाऊजी म्हणायच्या आणि ते त्यांना वहिनी. यापलीकडे त्यांचं काही बोलणं व्हायचं नाही. मात्र प्लेट ठेवताना काकू नारळ आणखी थोडा पेरत, आणि काका प्लेट परत देताना ती इतकी स्वच्छ असे की धुवायला घ्यावी की नाही असा प्रश्न पडायचा.

दोन वर्षं हे असं चाललं. मग टॅक्स भरायची वेळ आली आणि मी अडकले. काका म्हणाले, फाइल घेऊन ये. मी फाइल नेली. पहिला कप्पा उघडला, तो रिकामा. दुसरा उघडला, तोही रिकामा. काकांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तू मला हो म्हणाली होतीस."

दुसऱ्या दिवशी ते पोहे खायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी मिसळ असूनही नाही. काकूंनी मला विचारलं, भाऊजी आजारी आहेत का? मी जाऊन पाहिलं. ते पायरीवर बसून ब्रेडला जॅम लावत होते. विचारलं तर म्हणाले, सध्या जमत नाही.

महिन्याभराने न्याहारीत सरकारी पत्र आलं.

पत्र का आलं हे हॅरिस पार्कमध्ये कुणाला सांगावं लागलं नाही. जाधवकाका गल्ल्यावर बसून येईल त्याला ऐकवायचे, दोन वर्षं आमचे पोहे खाल्ले आणि हे केलं. आम्ही पाचही जण त्यांच्या बाजूचे. शेलारकाकांना कुणी सरळ विचारलं तर ते म्हणत, "मी त्या विषयावर बोलू शकत नाही." लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. गणपतीची वर्गणी मागायला पोरं बिल्डिंगमध्ये आली तेव्हा तळमजल्याचं दार सोडून वर गेली. काका दार उघडून पाकीट हातात घेऊन उभे होते. मी जिन्यातून ते पाहिलं आणि मला तेव्हा बरं वाटलं, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

एका सकाळी मंगलकाकू स्वतः आल्या. हातात डबा. मी पायऱ्या उतरत होते ती तिथेच थांबले. त्यांनी दार वाजवलं, काका बाहेर आले.

"भाऊजी, तुम्ही केलंत?"

"वहिनी, मी त्या विषयावर बोलू शकत नाही."

 काकू डबा पायरीवर ठेवून निघून गेल्या. भांडायला येतानाही त्यांनी पोहे आणले होते, कारण रिकाम्या हाताने कुणाच्या दारात कसं जायचं हे त्यांना माहीतच नव्हतं.

काकांनी डबा उचलला नाही. मला म्हणाले, "अश्विनी, हा परत नेऊन दे. मला घेता येणार नाही."

मी इतकी चिडले की तिथेच पायरीवर बसले, डबा उघडला आणि त्यांच्या देखत सगळे पोहे खाल्ले. पोहे गरम होते, वर खोबरं भरपूर होतं. काका उभे राहून बघत होते. माझं खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "लिंबू होतं का?"

पुढच्या महिन्यात मला पॅरामॅटाच्या सरकारी ऑफिसात बोलावणं आलं. शेलारकाका त्याच ऑफिसात होते, पण ही केस त्यांच्याकडे नव्हती. आपण न्याहारीत खातो, असं त्यांनी वरिष्ठांना लेखी दिलं होतं, आठवड्यातून किती वेळा आणि काय काय, तेही लिहिलं होतं, असं पुढे कुणीतरी हसत हसत मला सांगितलं. माझ्यासमोर ज्युली नावाची बाई बसली. गोड बोलणारी, पाणी हवंय का विचारणारी. मी खोटं बोलायचं ठरवून गेले होते. पण तिने टेबलावर कागद मांडले, त्यात आमची नावं होती, आणि तिच्यासमोर खोटं बोलणं मला जमलं नाही. मी पाचही जणांची नावं सांगितली, कोण कधी यायचं ते सांगितलं.

"आणखी कोण काम करतं तिथे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, एवढेच.

तिने कागद पाहिला. "मंगल?"

"त्या मालकाच्या मिसेस आहेत," मी म्हटलं.

"हो. पण त्या काम करतात का?"

 माझ्या डोळ्यांपुढे ते स्वयंपाकघर आलं. भल्या सकाळी भिजवलेले पोहे, तेलाचे चटके बसून काळसर झालेले काकूंचे हात, दुपारी गुडघ्याला बांधलेली पट्टी. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि काम करणाऱ्यांची नावं घेताना त्यांचं नाव माझ्या तोंडात आलं नव्हतं.

"सगळ्यात जास्त त्याच करतात," मी म्हटलं.

ज्युलीने लिहून घेतलं. मग तिने मला समजावून सांगितलं ते असं: दुकानाच्या कागदांत मंगल जाधव या पगारी नोकर होत्या. टॅक्सच्या सोयीसाठी जाधवकाकांनी वर्षानुवर्षं त्यांच्या नावाने पगार दाखवला होता. तो पगार काकूंच्या हाती कधी आला नव्हता आणि त्यावरचा सुपर कधी भरलाच गेला नव्हता. त्या खरोखर काम करतात का, करत असतील तर किती वाजल्यापासून, हे कुणी पाहिलेलं आहे का, एवढंच ऑफिसला पक्कं करायचं होतं. "पाच वाजता त्या स्वयंपाकघराचा दिवा लावतात, असं आमच्याकडे कुणीतरी कळवलंय," ती म्हणाली.

पाच वाजता आमच्या बिल्डिंगमधलं एकच माणूस जागं असायचं. ते फिरायला निघायचं.

घरी आले तेव्हा काका पायरीवर होते. मी त्यांच्याशेजारी बसले. बऱ्याच दिवसांनी. विचारलं, "काकूंचं नाव तुम्ही दिलंत?"

"मी त्या विषयावर बोलू शकत नाही."

"मला विचारलं त्यांनी."

काका जॅमच्या बाटलीचं झाकण लावत होते, ते थांबले. "मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते."

त्यांनी मान हलवली. मग ब्रेडचा अर्धा तुकडा माझ्यापुढे केला. जॅम स्ट्रॉबेरीचा होता आणि फार वाईट होता. मी तो खाल्ला.

केस आठ महिने चालली. दुकान बंद पडेल, जाधव काका-काकू रस्त्यावर येतील असं सगळे म्हणत होते. तसं काही झालं नाही. थकलेला सुपर भरायला जाधवकाकांना हप्ते बांधून दिले गेले, दुकानाची नवी व्हॅन घ्यायची होती ती राहिली, आणि आम्हा सगळ्यांना पेस्लिप यायला लागल्या. जाधवकाका असे दुखावले होते की पुढे त्यांनी बिलाचा अतिरेक सुरू केला. नुसतं पाणी प्यायला आलेल्यालाही ते शून्य डॉलरचं बिल देत.

ज्या दिवशी केस बंद झाल्याचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी सात वाजता शेलारकाका व्हरांडा चढून आत आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.  जाधवकाकांनी पेपर डोळ्यांपुढे धरला. काकू आतून आल्या, पोह्यांची प्लेट ठेवली आणि वळल्या. पोह्यांवर खोबऱ्याचा एक कण नव्हता. काकांनी खाल्लं, बिल मागितलं, पैसे दिले, गेले. पुढे सहा आठवडे ते आठवड्यातून चारदा बिनखोबऱ्याचे पोहे खात होते. एकदाही मागितलं नाही.

मग एक दिवस काकूंनी मला आत बोलावलं. हातातलं पाकीट पुढे केलं. त्यांच्या सुपर फंडाचं पत्र होतं. "वाच गं. माझंच आहे ना हे?" मी म्हटलं, तुमचंच. पत्र इंग्रजीत होतं, मजकूर नेहमीचाच, तुमच्या खात्यात अमुक जमा झालं आहे वगैरे. मी अर्थ सांगत होते पण त्यांचं लक्ष आकड्याकडे नव्हतं. त्या वरच्या नावावर बोट फिरवत होत्या.

"मंगल म्हणून लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मिसेस जाधव नाही."

पत्र त्यांनी पोह्यांच्या पिंपावरच्या फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलं. मग विळी घेतली आणि नारळ खवायला बसल्या. त्या सकाळी शेलारकाकांच्या प्लेटमध्ये खोबऱ्याखाली पोहे शोधावे लागत होते.  काकांनी बिल मागितलं, काकूंनी दिलं.

पुढे आम्ही सगळे पांगलो. मला पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली, लग्न झालं, आम्ही मेलबर्नला ट्रुगानिनात घर घेतलं. मी आता एका गोदामाच्या कंपनीत पेरोल बघते. दोनशे माणसांचा सुपर वेळेवर भरते, आणि एखाद्याचा एक दिवस उशिरा गेला तर मान वळवून मागे कुणी उभं आहे का ते बघते. माझ्या मुलाला मी हे सगळं सांगायला लागले की तो म्हणतो, "Mum, you've told me this one." सांगितलेलं असतं खरं. पण ते पोहे, ती पायरी, बाथरूमचं टाइमटेबल, सगळं पुन्हा एकदा बघून यायचं असेल तर सांगण्याशिवाय दुसरा रस्ता नसतो. न्याहारीच्या जागी आता डोशाचं दुकान आहे. जाधवकाका तीन वर्षांपूर्वी गेले. काकूंनी दुकान विकलं आणि वेस्टमीडला छोटं युनिट, म्हणजे फ्लॅट, घेतलं. शेलारकाका रिटायर झाले, शेलारकाकू सोलापूरलाच होत्या, आणि ते तळमजल्यावरच राहिले.

गेल्या वर्षी ट्रेनिंगसाठी सिडनीला जाणं झालं. शनिवार मोकळा होता. काकांना फोन केला तर म्हणाले, सकाळी मी लायब्ररीत असतो, तिथे ये.

लायब्ररीच्या एका कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं. वर पाटी: सुपरबद्दल मोफत मदत. समोर फॉर्मचे गठ्ठे, पेन्सिली टोक करून ठेवलेल्या. केस दोन्ही बाजूंनी सारखे कापलेले आणि पूर्ण पांढरे. त्यांच्यासमोर मंगलकाकू बसल्या होत्या, चष्मा लावून. दुसरं कुणी नव्हतं. आपल्यामागे सुपरचे पैसे कुणाला मिळावेत ते ज्या फॉर्ममध्ये लिहायचं असतं, तो काका त्यांना समजावत होते. मी अलीकडच्या कपाटाशी थांबले. काका पेन्सिलीने एकेक ओळ दाखवत. काकू मान डोलावत, आणि काका शेवटच्या ओळीवर आले की त्या म्हणत, "म्हणजे कसं ते?" काका न कंटाळता पुन्हा वरून सुरुवात करत. असं दोनदा झालेलं मी पाहिलं.

काकू पाणी प्यायला उठल्या तेव्हा मला बघून त्यांनी मिठीच मारली. चौकशा झाल्या, मुलाचे फोटो दाखवून झाले. मग मी म्हटलं, काकू, तो फॉर्म तुम्हाला मी भरून देते, पाच मिनिटांचं काम आहे.

त्यांनी मागे वळून टेबलाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, तो भरून कधीच झालाय. माझ्या मुलाने केव्हाच ऑनलाइन करून टाकला."

"मग?"

"आता सगळ्यांना मोबाइलवर कळतं. यांच्याकडे कोण येणार? दोन शनिवार मी बाहेरून पाहिलं, नुसते पेन्सिलींना टोक करत बसलेले. मग म्हटलं, आपल्याला विचारायला काय हरकत आहे. बसही थेट आहे." पाण्याचा ग्लास ठेवत त्या म्हणाल्या, "वर्ष झालं आता. मला तो फॉर्म पाठ आहे, तुला म्हणून दाखवू?"

त्यांची बस सुटायची होती म्हणून त्या निघाल्या. मी काकांसमोर जाऊन बसले. त्यांनी माझी नोकरी, माझ्या कंपनीतली माणसं किती, सुपर महिन्याला भरता की तिमाहीला, सगळं विचारून घेतलं आणि समाधानाने मान हलवली. मग टेबल आवरायला लागले. काकूंसमोरचा खाडाखोड केलेला फॉर्म त्यांनी बाजूला ठेवला. गठ्ठ्यातून एक नवा कोरा फॉर्म काढला, त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'मंगल' लिहिलं आणि तो सगळ्यांत वर ठेवला.

"वहिनींना अजून नीट कळलेलं नाही," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "घाई करून चालणार नाही. पुढच्या शनिवारी परत पहिल्यापासून घेऊ."